युद्धकाळातला हेर दिवसभर करायचा तरी काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हाला ताडून बघता येईल. तुमच्या कादंबरीचा नायक बावीस वर्षांचा आहे. जून १९४३ मध्ये ब्रिटिश त्याला बिनतारी यंत्र चालवण्यासाठी पॅरिसला पाठवतात आणि सहा महिन्यांनी तो पकडला जातो. उतरण्याचा आणि पकडला जाण्याचा प्रसंग तुमच्या डोळ्यांसमोर स्वच्छ आहे, मधले सहा महिने मात्र रिकामे पडलेत. त्याला दिवसभर काय काम द्यायचं, पकडणारा जर्मन अधिकारी किती बुद्धिमान दाखवायचा आणि नायकाच्या खिशात पिस्तूल असावं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

त्या काळातल्या हेरांच्या सरकारी फायली, युद्धानंतरच्या जबान्या आणि आठवणी वाचणं हा माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग आहे. त्यामुळे या विषयावरची हस्तलिखितंही माझ्याकडे तपासायला येतात. बहुतेकांचं घोडं नेमकं इथंच अडतं. लेखक 'आता याच्या आयुष्यात काय घडवू' असा विचार करत बसतो आणि हेर बिचारा काहीही घडू नये म्हणून आटापिटा करत असतो. तेव्हा माझ्या मते तुमच्याकडे कामाचा तुटवडा नाही, पेच मांडायचा राहिलाय. हेर कोणाला भेटला नाही, निरोप पोचवला नाही, यंत्राला हातच लावला नाही, तर तो युद्ध संपेपर्यंत सुखरूप राहील. पण मग त्याला पाठवलं कशाला? त्याचा उपयोग होतो तो संपर्कामुळे आणि तो मरतो तोही संपर्कामुळेच. आज किती संपर्क ठेवायचा, कोणाशी, कुठं आणि किती मिनिटं, हे रोज नव्यानं ठरवण्यातच त्याचा दिवस जातो. तुमचे सहा महिने एवढ्यावर सहज भरतील.

अर्थात यात परिस्थितीचा भाग मोठा आहे. 'हेराचं आयुष्य' असं सरसकट काही नसतं. टोकियोत सोव्हिएत संघासाठी काम करणाऱ्या रिचर्ड सोर्गेला खोटं नाव लागलंच नाही. तो खरोखरचा जर्मन पत्रकार होता, नाझी पक्षाचा सभासद होता आणि जर्मन राजदूत ऑट याच्यासोबत नाश्ता करायचा. त्याचं सोंग फक्त मनातल्या निष्ठेपुरतं होतं. तुमच्या नायकाचं तसं नाही. त्याचं नाव, गाव, आईबाप, व्यवसाय, सगळंच रचलेलं. शिवाय देश तोच असला तरी वर्ष कोणतं यानं फार फरक पडतो. नोव्हेंबर १९४२ पर्यंत दक्षिण फ्रान्समध्ये जर्मन फौजा नव्हत्या, तिथं हेराला थोडी तरी मोकळीक होती. नंतर तीही संपली. १९४३ चं पॅरिस म्हणजे या धंद्यातली सर्वांत वाईट जागा आणि सर्वांत वाईट वेळ. तुम्ही निवडलीय ती अवघड परीक्षा, पण कादंबरीसाठी निवड उत्तम आहे.

सकाळपासून सुरुवात करू. नायक उठला, खाली उतरला आणि रस्त्यावर आला. बावीस वर्षांचा धडधाकट तरुण. त्याला पाहून पोलिसाच्या मनात येणारा पहिला प्रश्न 'हा ब्रिटिश हेर तर नाही?' हा नसतो. 'हा जर्मनीत कामाला का गेला नाही?' हा असतो. फेब्रुवारी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये सक्तीच्या मजुरीचा कायदा झाला आणि १९२० ते १९२२ दरम्यान जन्मलेल्या तरुणांना दोन वर्षांसाठी जर्मनीत पाठवणं सुरू झालं. तुमचा नायक बरोबर त्या कचाट्यात सापडतो. म्हणजे ओळखपत्र आणि शिधापत्रिका यांच्या जोडीला त्याच्याकडे सवलतीचं कागदपत्र हवं, एक तर सूट असलेल्या कामाचं नाहीतर आजारपणाचं. आजारपणाचं असेल तर तो आजार अंगावर वागवायला हवा, त्यानं जिने धावत चढता कामा नये. निरोप पोचवायच्या कामावर बायकांना पाठवण्यामागचं एक साधं कारण हेच होतं. सायकलवरून फिरणाऱ्या तरुणीला अडवायला कोणाला काही निमित्त नसे. तरुण पुरुष नुसता उभा राहिला तरी ते निमित्त.

सोंगाला व्यवसाय असा हवा की नको त्या वेळी नको त्या ठिकाणी दिसलात तरी त्याचं उत्तर तयार असावं. ब्रिटिशांची पॅरिसमधली बिनतारी यंत्र चालवणारी हेर नूर इनायत खान हिला जान-मारी रेनिये या नावानं पाठवलं, व्यवसाय मुलं सांभाळणारी परिचारिका. ही ओळख तिला पेलणारी होती, कारण युद्धाआधी ती मुलांसाठी गोष्टी लिहायची आणि लहानपणापासून पॅरिसजवळच्या स्युरेनमध्ये वाढली होती. तिचे वडील बडोद्याच्या संगीत घराण्यातले सूफी साधक, ती जन्मली मॉस्कोत. फ्रेंच मात्र अस्खलित. चांगली बनावट ओळख खऱ्या माणसाच्या शक्य तितकी जवळ ठेवतात, म्हणजे पाठांतर कमी करावं लागतं. भाषाच येत नसेल तर काय, याचं माझ्या आवडीचं उदाहरण वेगळ्याच सीमेवरचं आहे. जानेवारी १९४१ मध्ये पेशावरहून काबूलला निघालेल्या सुभाषबाबूंना पश्तू येत नव्हती, म्हणून ते मुके-बहिरे झियाउद्दीन झाले आणि बोलायचं काम बरोबरच्या भगतराम तलवारनं केलं. हा भगतराम पुढं इटालियन, जर्मन, रशियन आणि ब्रिटिश अशा सगळ्यांचाच हेर झाला. त्याच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल, आत्ता राहू दे.

निघण्याआधी लंडनमध्ये कपडे फ्रेंच पद्धतीनं शिवून घेत, शिंप्याच्या पट्ट्या बदलत, दातांत भरलेलं सिमेंटसुद्धा काढून फ्रेंच धाटणीचं भरत. विमानात चढण्यापूर्वी खिसे उलटे करून बसचं किंवा सिनेमाचं तिकीट राहिलंय का हेही बघत. हे सगळं कादंबऱ्यांतून बऱ्याचदा येऊन गेलंय, तुम्ही त्यात फार अडकू नका. खरी भानगड कपड्यांत क्वचितच झाली. ती व्हायची रोजच्या रीतीभातींत, ज्या कुठल्याच प्रशिक्षणात पूर्ण शिकवता येत नाहीत.

उलट्या बाजूचं उदाहरण घ्या. १९४० च्या सप्टेंबरमध्ये जर्मनांनी घाईघाईनं ब्रिटनमध्ये हेर उतरवले. त्यातला कार्ल मायर केंटच्या किनाऱ्यावरच्या लिड गावात सकाळी नऊच्या सुमारास एका पबमध्ये शिरला आणि सायडर मागू लागला. ब्रिटनमध्ये त्या वेळी दारू देत नाहीत, तिथं वेळा कायद्यानं बांधलेल्या होत्या आणि हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मालकिणीनं त्याला नंतर यायला सांगितलं आणि इकडे खबर गेली. डिसेंबरात त्याला फाशी झाली. त्याच सप्टेंबरच्या शेवटी स्कॉटलंडच्या पोर्टगॉर्डन स्थानकावर एक पुरुष आणि एक बाई भल्या सकाळी आली. पाय ओले, कारण दोघं रबरी होडीतून किनाऱ्याला लागली होती. त्यांनी विचारलं, हे स्थानक कोणतं? शत्रू उतरला तर त्याला वाट सापडू नये म्हणून त्या काळी स्थानकांवरच्या पाट्या काढून टाकल्या होत्या, त्यामुळे प्रश्न तसा रास्त. पण गावातला माणूस तो विचारत नाही आणि परगावचा माणूस ओल्या पायांनी येत नाही. स्थानकावरच्या लोकांनी गावच्या हवालदाराला बोलावलं. त्या पुरुषाच्या सुटकेसमध्ये बिनतारी यंत्र निघालं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो फासावर गेला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आलं. यातल्या कोणालाही बुद्धिमान गुप्तचर अधिकाऱ्यानं पकडलेलं नाही. पबची मालकीण, स्थानकावरचे कर्मचारी आणि गावचा हवालदार यांनी पकडलं. तुमच्या जर्मन अधिकाऱ्याला वाचनाची आवड, व्हायोलिन आणि तीक्ष्ण नजर दिलीत तरी माझी हरकत नाही, पण त्याला खरी गरज आहे ती टेलिफोनची, पैशांच्या पेटीची आणि चिकाटीची.

आता यंत्राकडे येऊ, कारण तुमच्या नायकाचं पोट त्यावर आहे. साध्या सुटकेसमध्ये बसवलेला संच, वजन सुमारे १५ किलो. सोबत वीसेक मीटरची तार एरियल म्हणून आणि ठरलेल्या लहरींसाठी स्फटिक. ही पेटी घेऊन शहर ओलांडणं हा एक अख्खा प्रसंग आहे आणि तो मी अजून कोणत्याही हस्तलिखितात नीट लिहिलेला पाहिलेला नाही. पंधरा किलोची पेटी अंगावर अगदी हलकी असल्यासारखी वागवायची, खांदा झुकू द्यायचा नाही, हात सारखा बदलायचा नाही. स्थानकावर पोलीस सामान उघडून बघायचे ते बऱ्याचदा हेरांसाठी नसे, काळ्या बाजारातलं लोणी आणि मांस शोधण्यासाठी असे. म्हणजे कोणा दुसऱ्याच्या चोरट्या लोण्यापायी तुमचा नायक मरू शकतो. या भीतीला नाट्य लागत नाही, नुसती रांग पुरते.

पेटी ठिकाणावर पोचली की संदेश कूटात घालायचं काम. सुरुवातीची पद्धत कवितेवर चालायची. हेरानं एक कविता पाठ केलेली असे. तीतले पाच शब्द निवडायचे, त्यांतल्या अक्षरांना वर्णक्रमानं आकडे द्यायचे, त्या आकड्यांखाली रकाने पाडून मजकूर लिहायचा आणि मग आकड्यांच्या क्रमानं एकेक रकाना उभा वाचून काढायचा. आलेल्या खिचडीवर हीच क्रिया पुन्हा एकदा. हे सगळं थंड खोलीत, मंद उजेडात, जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून. एक अक्षर घसरलं की पुढचं सगळं मुसळ केरात. लंडनला संदेश लागत नसे आणि मग तिकडून उत्तर येई, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवा म्हणजे आणखी वीस मिनिटं हवेत राहा. शत्रूच्या मुलखात हेर पाठवणारी ब्रिटिश संघटना म्हणजे एसओई. तिचा कूटतज्ज्ञ लिओ मार्क्स याच्या लक्षात आलं की हे 'पुन्हा पाठवा' माणसं मारतंय. न लागणारे संदेश इकडंच, हव्या तितक्या किल्ल्या लावून बघून, सोडवलेच पाहिजेत असा त्यानं हट्ट धरला आणि त्यासाठी मुलींच्या पाळ्या बसवल्या. पुढं त्यानं कविता बाजूला सारून रेशमावर छापलेल्या एकेकदा वापरायच्या किल्ल्या आणल्या. रेशीम अस्तरात शिवलं की झडतीत हाताला लागत नाही. वापरलेली पट्टी कापून जाळायची, म्हणजे पकडल्यावर मागचे संदेश कोणी कितीही छळलं तरी सांगता येत नाहीत, कारण ते आठवणंच अशक्य.

हवेत असताना काय होतं? दूरची स्थिर केंद्रं आधी दिशा पकडून शहराचा भाग ठरवतात. मग त्या भागात मोजमापाची यंत्रं बसवलेल्या गाड्या फिरू लागतात. शेवटच्या टप्प्यात साधा दिसणारा माणूस कोटाखाली लहानसं यंत्र लपवून गल्लीतून चालत येतो. आणखी एक युक्ती होती. गल्लीगल्लीची वीज थोडा वेळ तोडायची आणि कुठली वीज गेल्यावर संदेश मध्येच थांबतो ते ऐकायचं. म्हणून जाणते लोक बॅटरीवर संच चालवत, खिडकीपाशी पाळतीला माणूस बसवत आणि एका घरात पुन्हा पुन्हा बसत नसत. आता हिशेब करा. प्रत्यक्ष पाठवण्याची वीस मिनिटं, पण त्यासाठी घर शोधायचं, घरमालकिणीचा भरवसा अजमावायचा, पेटी हलवायची, निरोप आणणाऱ्या मुलीची ठरल्या जागी वाट बघायची, ती आली नाही तर किती वेळ थांबायचं ते ठरवायचं, कागद जाळून राख फेकायची. आणि एवढं करून उरलेल्या वेळात जान-पॉल किंवा जे काही नाव असेल त्या माणसाचं आयुष्य जगायचं, म्हणजे शिधापत्रिका घेऊन पावासाठी रांगेत उभं राहायचं. मधल्या सहा महिन्यांना काम नाही असं तुम्ही म्हणालात, मला तर त्याची झोप कुठं बसवायची हा प्रश्न पडतो.

इथं एक सावधगिरी. पॅरिसमधला बिनतारी माणूस सरासरी सहा आठवडे टिकायचा असं जिथंतिथं लिहिलेलं सापडेल. मी हा आकडा पात्रांच्या तोंडी चालू देतो, निवेदनात नाही. माणसं रोज एकेक करून पकडली जात नव्हती. हेरांचं एखादं जाळं महिनोन् महिने बिनबोभाट चालायचं आणि मग आठवड्याभरात अख्खं कोसळायचं, कारण सगळे एकमेकांना ओळखत होते. परत संपर्काचीच गोष्ट. पॅरिसच्या 'प्रॉस्पर' जाळ्यातली मंडळी एकत्र जेवायची, पत्ते खेळायची. कडक नियमांचे लोक यावर टीका करतात आणि ती बरोबरही आहे. पण परक्या नावानं महिनोन् महिने राहणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा कोणीतरी खऱ्या नात्यानं बोलणारं हवं असतं, हेही तुमच्या कादंबरीत यायला हवं. एकटेपणा नियमांपेक्षा जड जातो.

नूरचं उदाहरण तुम्ही बारकाईनं बघा, तुमच्या नायकाचाच काळ आहे. १६ जून १९४३ च्या रात्री, चांदण्यात, लायसँडर विमानानं ती फ्रान्समध्ये उतरली. ही विमानं पौर्णिमेच्या आगेमागेच उडायची, वैमानिकाला नद्या आणि रस्ते दिसायला हवेत म्हणून. ती आली आणि आठवड्याभरातच प्रॉस्पर जाळ्याचा प्रमुख फ्रान्सिस सटिल, त्याचा बिनतारी माणूस गिल्बर्ट नॉर्मन आणि निरोप नेणारी अँद्रे बोरेल पकडले गेले. लंडननं तिला परत यायला सांगितलं, तिनं नकार दिला, कारण पॅरिसकडून बोलणारं दुसरं यंत्र जवळजवळ उरलंच नव्हतं. पुढचे महिने ती घरं बदलत, बालपणीच्या ओळखी गाठत तग धरून राहिली. एका जर्मन अधिकाऱ्यानंच तिला एरियलची तार बांधायला मदत केली अशी एक आख्यायिका सांगतात. छान आहे, पण मी तिच्यावर फार भार टाकत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर ती सापडली. लहरी मोजणाऱ्या गाड्यांनी तिला शोधलं नाही, कोणीतरी पैसे घेऊन पत्ता सांगितला. एवढंच असतं तर एक माणूस गेला असता. पण तिच्या खोलीत एक वही निघाली. पाठवलेले आणि आलेले संदेश तिनं त्यात उतरवून ठेवले होते. संदेश नीट सांभाळण्याबद्दलच्या एका सूचनेचा तिनं वेगळा अर्थ घेतला असावा, असं मानतात. ८४, अव्हेन्यू फॉश इथल्या जर्मन सुरक्षा सेवेच्या मुख्यालयात तिनं तोंड उघडलं नाही, हे तिथल्याच अधिकाऱ्यानं युद्धानंतर सांगितलं. तिनं पळून जायचाही प्रयत्न केला, छतावरून. पण वही बोलली. जर्मनांनी तिच्या नावानं लंडनशी संदेश सुरू ठेवले आणि लंडननं माणसं पाठवणं सुरू ठेवलं. फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस मादलेन दामरमाँ आणि तिचे दोन साथीदार हवाई छत्रीनं उतरले ते थेट जर्मनांच्या हातात. नूरला फोर्झहाइमच्या तुरुंगात साखळदंडात दहाएक महिने ठेवलं आणि १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाऊच्या छावणीत तिला गोळी घातली. त्या सकाळी तिच्यासोबत मारलेल्या तिघींत दामरमाँही होती. १९४९ मध्ये नूरला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

म्हणून मी प्रत्येक लेखकाला सांगतो, शत्रूइतकीच जागा लंडनमधल्या टेबलाला द्या. हेराच्या संदेशात एक खूण ठरलेली असे, ठरावीक जागी मुद्दाम केलेली चूक. खूण नसेल तर समजायचं की माणूस पकडला गेलाय आणि पाठीला बंदूक लावून त्याच्याकडून लिहून घेतलं जातंय. गिल्बर्ट नॉर्मनच्या यंत्रावरून असा संदेश आला तेव्हा लंडननं उलट त्यालाच झापलं, तुम्ही खूण विसरलात, पुढच्या वेळी काळजी घ्या. म्हणजे अशी खूण असते हे जर्मनांना लंडननंच कळवलं! हॉलंडमध्ये तर याहून भयंकर झालं. मार्च १९४२ मध्ये ह्यूब लाउवर्स पकडला गेला. त्यानं जर्मनांसाठी संदेश पाठवताना खूण मुद्दाम गाळली. लंडननं दुर्लक्ष केलं. पुढं वर्षभरात पन्नासहून अधिक हेर एकामागून एक थेट जर्मनांच्या स्वागतसमितीत उतरले आणि त्यांतले बहुतेक माउटहाउझेनच्या छावणीत मारले गेले. मार्क्सला संशय आला होता तो एका विचित्र गोष्टीवरून. हॉलंडचे हेर कूट लिहिताना कधीच चुकत नव्हते. थंडीत, घाबरलेल्या अवस्थेत लिहिणारा माणूस चुकतोच, चुकत नसेल तर तो ऊबदार खोलीत आरामात बसलाय. कार्यालयात कोणी ते मनावर घेतलं नाही. १ एप्रिल १९४४ ला जर्मन अधिकारी गिस्केस यानं उघड्या भाषेत खोचक संदेश पाठवून खेळ संपवला.

तुमच्या नायकाची खूण अशीच दुर्लक्षिली गेली, तर पकडले गेल्यानंतरचा भाग आधीच्या भागापेक्षा जास्त अंगावर येईल. आपण ठरल्याप्रमाणे इशारा दिला आणि आपल्याच माणसांनी तो वाचला नाही, हे कोठडीत बसून कळणं.

घरादाराचा भागही विसरू नका. फ्रान्समध्ये गेलेल्यांच्या कुटुंबांना कार्यालयातून ठराविक मजकुराची पत्रं जात, खुशाली कळते आहे एवढंच सांगणारी. बातमी आलेली नसतानाही ती जात राहिली. सुरक्षित शहरात राहणाऱ्या हेराचं घरही सोपं नसतं. हुआन पुजोल हा स्पॅनिश माणूस लिस्बनमध्ये बसून, प्रवासाची पुस्तकं चाळून, ब्रिटनमधले खोटे अहवाल जर्मनांना विकत होता. ग्लासगोतले लोक एक लिटर वाइनसाठी काहीही करतील असं त्यानं लिहिलं, बिअर आणि व्हिस्कीच्या गावाबद्दल! तरी जर्मनांना शंका आली नाही. १९४२ मध्ये ब्रिटिशांनी त्याला लंडनला आणलं आणि ब्रिटिश गुप्तचर अधिकारी टोमास हॅरिस याच्याबरोबर त्यानं २७ काल्पनिक हाताखालचे हेर उभे केले. त्यांतल्या एकाला मारणं भाग पडलं तेव्हा वर्तमानपत्रात मृत्यूची बातमी छापून आणली आणि जर्मनांनी त्याच्या 'विधवे'ला निवृत्तिवेतन दिलं. हे सगळं गमतीचं वाटतं. पण घरात त्याची बायको आराथेली भाषा न येणाऱ्या शहरात मुलं सांभाळत कंटाळून गेली होती. आपल्याला आईला भेटायला जाऊ द्या, नाहीतर स्पेनच्या वकिलातीत जाऊन सगळं सांगते, अशी धमकी तिनं १९४३ मध्ये दिली. शेवटी तिच्यामुळे नवऱ्याला अटक झाली असं नाटक रचून, त्याला कैद्याच्या वेषात तिच्यासमोर बसवून, तिला गप्प करण्यात आलं. नाटकाची कल्पना पुजोलचीच. १९४४ मध्ये त्याला जर्मनीचा आयर्न क्रॉस मिळाला आणि ब्रिटनचा एमबीई हा किताबसुद्धा. या लग्नाचं पुढं काही बरं झालं नाही यात मला तरी नवल वाटत नाही.

कंटाळ्याचाही उपयोग करा. सोर्गेचा बिनतारी माणूस मॅक्स क्लाउझेन यानं सोंग म्हणून टोकियोत नकाशांच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांचा धंदा थाटला आणि तो इतका चालला की त्याचं कामावरून मन उडालं. सोर्गेनं दिलेले संदेश तो कापून पाठवू लागला, काही तर पाठवलेच नाहीत. सोर्गेला याचा पत्ता नव्हता. सोंगातलं आयुष्य खऱ्यापेक्षा बरं वाटू लागणं, ही शक्यता तुमच्या नायकाला एकदा तरी चाटून जाऊ दे.

राहिला पकडलं जाण्याचा आणि पिस्तुलाचा प्रश्न. एसओईच्या लोकांना 'काहीच बोलू नका' अशी अशक्य आज्ञा नव्हती. शक्य झालं तर ४८ तास तोंड बंद ठेवा, तेवढ्यात बाकीचे घरं बदलतील, अशी अपेक्षा होती. म्हणजे छळाच्या प्रसंगाला घड्याळ आहे, आणि दुसरीकडे बाहेरच्यांना त्याच्या अटकेची बातमी किती तासांनी लागते यावर सगळं अवलंबून. कायद्याचं म्हणाल तर १९०७ च्या हेग नियमांनुसार हेरालासुद्धा खटल्याशिवाय शिक्षा देता येत नाही. नूर आणि तिच्यासोबतच्या तिघींच्या बाबतीत तो पाळला गेला नाही.

पिस्तूल काढून टाका. झडतीत ओळखपत्र समजावून सांगता येतं, जास्तीचे पैसेही काळ्या बाजाराच्या नावावर खपवता येतात, पिस्तुलाला मात्र काहीच उत्तर नसतं. पैशांची गंमत सांगतो. फ्रान्सिस कॅमर्ट्स हा एसओईचा दक्षिण-पूर्व फ्रान्समधला फार सावध माणूस, एका घरात तीन-चार रात्रींपेक्षा जास्त राहायचा नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये तो, झॅन फील्डिंग आणि त्यांचा एक फ्रेंच साथीदार मोटारीतून जात असताना दीन्य इथं नाक्यावर अडवले गेले. आम्ही एकमेकांना ओळखत नाही, वाटेत मोटारीत बसलो, असं तिघांनी सांगितलं. कागदपत्रं ठीक होती. पण तिघांच्या पाकिटांतल्या नोटांचे क्रमांक एकाच मालिकेतले निघाले, कारण निघण्यापूर्वी त्यांनी एकाच पुडक्यातले पैसे वाटून घेतले होते. वाचले ते क्रिस्टीन ग्रॅनव्हिल या पोलिश बाईमुळे. दोस्त सैन्य दक्षिण किनाऱ्यावर उतरत असताना ती स्वतः उठून जर्मनांच्या बाजूच्या दोन मध्यस्थांकडे गेली. या माणसांना गोळी घातलीत तर उद्या तुमचं काय होईल याची तिनं त्यांना जाणीव करून दिली आणि वर वीस लाख फ्रँक कबूल केले. तिघे सुटले. या प्रकरणात गोळी सुटली नाही, तरी वाचताना छाती धडधडते.

शेवटचं, तुमच्या आराखड्याबद्दल. नायकाला जूनमध्ये उतरवू नका, मार्चच्या चांदण्यात उतरवा. तेव्हा प्रॉस्पर जाळं भरात आहे. त्याला माणसं भेटतील, जेवणं होतील, एखाद्या निरोप आणणाऱ्या मुलीशी मैत्री होईल, नियम थोडे सैल पडतील आणि वाचकाला ते आवडेलही. जूनअखेर ही सगळी माणसं एका आठवड्यात गायब होतात. मग उरलेले तीन महिने त्याला कोणाकडे जावं हेच कळत नाही, कारण ज्याला भेटावं तो फुटलेला असू शकतो आणि भेटला नाही तर लंडनला कळवायला काही उरत नाही. सप्टेंबरात तो कुठल्या दारावर टकटक करतो, ते तुम्ही ठरवा. पकडणारा अधिकारी त्या दाराआड नुसता बसून असला तरी चालेल.